कोणता पत्ता पालथा झाला?

दिवाळीच्या सुट्टीत माझी नऊ वर्षांची भाची पत्त्यांचा जोड घेऊन आली आणि “मावशी, जादू कर” म्हणून हटून बसली. मी म्हटलं, “यातले पंचवीस पत्ते जमिनीवर मांड. पाच ओळी, एकेका ओळीत पाच. कुठला उघडा ठेवायचा आणि कुठला पालथा, ते तुझ्या मर्जीने.” तिने मन लावून मांडले. मग “हे फारच सोपं झालं, जरा अवघड करते” असं म्हणत मी प्रत्येक आडव्या ओळीच्या शेवटी एकेक पत्ता वाढवला आणि खाली सहा पत्त्यांची आणखी एक ओळ लावली. आता एकूण ३६ पत्ते झाले. मी भिंतीकडे तोंड करून बसले. “आता यातला कुठलाही एकच पत्ता उलटव. उघडा असेल तर पालथा कर, पालथा असेल तर उघडा.”

वळून पाहिलं, पाच-सात सेकंद गेले, आणि मी एका पत्त्यावर बोट ठेवलं. बरोबर तोच.

“तू डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलंस!” दुसऱ्या वेळी तिने मला आतल्या खोलीत पाठवून दार ओढून घेतलं. तिसऱ्या वेळी दाराशी आजीला पहाऱ्याला बसवलं. चौथ्या वेळी तिने एकही पत्ता हलवला नाही आणि मला बाहेर बोलावलं. “तू काहीच उलटवलेलं नाहीस,” मी म्हटल्यावर ती थोडा वेळ पत्त्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, “मला शिकव.”

लहान मुलांना प्रोग्रामिंग शिकवायचं म्हणजे नेमकं काय शिकवायचं, असं कुणी विचारलं की मी हा खेळ मांडून दाखवते. यात संगणक कुठेच नाही, तरीही संगणकाच्या पोटात रात्रंदिवस चालणारी एक गोष्ट त्यात जशीच्या तशी आहे.

सम की विषम?

जादू घडली ती मी “अवघड करते” म्हणाले तेव्हा. भाचीने मांडलेल्या पहिल्या ओळीत तीन पत्ते उघडे होते. तीन ही विषम संख्या, म्हणून ओळीच्या शेवटी मी उघडा पत्ता ठेवला. उघडे झाले चार, म्हणजे सम. दुसऱ्या ओळीत दोनच उघडे होते, म्हणजे आधीच सम, म्हणून तिथे माझा पत्ता पालथा. पाचही ओळींत असंच केलं. मग सहाही उभ्या ओळी वरून खाली मोजल्या आणि तळाला असे पत्ते लावले की उभ्या ओळीतल्या उघड्या पत्त्यांची संख्याही समच होईल.

उजव्या खालच्या कोपऱ्यातला पत्ता शेवटच्या आडव्या ओळीत असतो आणि शेवटच्या उभ्या ओळीतही. तो दोन्हीकडे कसा जुळेल, अशी शंका येते. पण तो दर वेळी जुळतो, कारण मूळच्या पंचवीस पत्त्यांमधले उघडे आडवे मोजा किंवा उभे मोजा, बेरीज तीच येते. त्या बेरजेचा सम-विषमपणाच कोपऱ्यात उतरतो.

आता एक पत्ता उलटला की काय होतं? त्याच्या आडव्या ओळीतल्या उघड्यांची संख्या एकने वाढते किंवा कमी होते. सम होती ती विषम होते. उभ्या ओळीचंही तेच. मी वळल्यावर फक्त एवढंच शोधते: कोणती आडवी ओळ विषम आहे, आणि कोणती उभी? दोन्ही जिथे एकमेकींना छेदतात, तिथला पत्ता चोर. नाट्यगृहात रांग आणि खुर्ची कळली की माणूस सापडतो, तसंच. एकही ओळ विषम नसेल, तर कुणी काहीच उलटवलेलं नाही.

म्हणजे ३६ पत्ते लक्षात ठेवायचे नव्हतेच. मी एक नियम मांडून ठेवला होता आणि तो कुठे मोडला एवढंच पाहत होते.

भाचीला हे कळायला दहा मिनिटं लागली. अकराव्या मिनिटाला तिने विचारलं, “दोन पत्ते उलटवले तर?” मी उत्तर दिलं नाही, करून बघायला सांगितलं. तिने एकाच ओळीतले दोन उलटवले. आडव्या ओळी सगळ्या समच राहिल्या, पण दोन उभ्या विषम झाल्या. “मावशी, गडबड झाली आहे हे कळतं, कुठल्या उभ्या ओळीत हेही कळतं. पण आडवी कुठली ते नाही कळत!” एखादी पद्धत कुठपर्यंत चालते आणि कुठे कोलमडते, हे मुलाने स्वतःहून तपासायला घेतलं की प्रोग्रामिंगचं निम्मं शिक्षण झालं असं मी मानते.

यंत्रालाही हीच भीती असते

संगणकाच्या आत सगळी माहिती दोनच चिन्हांत साठवलेली असते. आपण त्यांना ० आणि १ म्हणतो. प्रत्यक्षात ते विजेचे दोन स्तर असतात किंवा चुंबकाच्या दोन दिशा, आपल्या पत्त्यांसारख्या उघड्या आणि पालथ्या. फोटो एका फोनवरून दुसऱ्यावर जाताना अशी लाखो चिन्हं हवेतून प्रवास करतात. वाटेत एखादं उलटलं तर?

१९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये रिचर्ड हॅमिंग नावाचे गणिती याच प्रश्नाने हैराण झाले होते. त्यांची आकडेमोड शनिवार-रविवारी तिथल्या यंत्रावर लावलेली असे. यंत्र स्वतःची चूक ओळखायचं, पण ओळखली की हातातलं काम सोडून पुढच्या कामाला लागायचं. सोमवारी येऊन बघावं तर काम तसंच पडलेलं. हॅमिंग यांच्या मनात आलं, यंत्राला चूक झाल्याचं कळतं, तर ती कुठे झाली हे का कळू नये? कुठे हे कळलं की दुरुस्ती सोपी, कारण चिन्हं दोनच आहेत. ० चूक असेल तर १ बरोबर. १९५० मध्ये त्यांनी चुका शोधून दुरुस्त करणाऱ्या सांकेतिक रचना प्रसिद्ध केल्या. त्यांची मांडणी आपल्या पत्त्यांपेक्षा जास्त काटकसरी आहे, पण कल्पना तीच: मूळ माहितीला थोडी जास्तीची माहिती जोडायची आणि तिच्या जोरावर चूक पकडायची. सम-विषमाच्या या तपासणीला संगणकाच्या भाषेत पॅरिटी म्हणतात.

घरात याचा पुरावा हवा असेल तर स्वयंपाकघरातून बिस्किटाचा पुडा आणा. बारकोडखाली तेरा अंक असतात. भारतात नोंदवलेल्या बारकोडची सुरुवात ८९० ने होते. पहिला, तिसरा, पाचवा असे विषम जागांवरचे अंक जसेच्या तसे घ्या, सम जागांवरच्या अंकांना ३ ने गुणा आणि सगळ्यांची बेरीज करा. बेरजेच्या शेवटी शून्य येईल. तेरावा अंक मुद्दाम तसाच निवडलेला असतो. दुकानात यंत्राने एखादा अंक चुकीचा वाचला तर बेरीज शून्यावर संपत नाही आणि यंत्र ‘बीप’ करत नाही. पुस्तकामागच्या तेरा अंकी आयएसबीएन क्रमांकाला हाच नियम लागतो. आधार क्रमांकाचा बारावा अंकही असाच पहारेकरी आहे. त्याचं गणित आणखी कसलेलं आहे, शेजारशेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली तर तीही त्यातून सुटत नाही.

पाचवीतल्या मुलाला ही बेरीज सहज जमते. भाचीने त्या संध्याकाळी डब्यांच्या फळीवरचे सगळे पुडे तपासले.

ख्राइस्टचर्चहून आपल्या शाळेत

पत्त्यांचा हा खेळ मी शोधलेला नाही. तो ‘सीएस अनप्लग्ड’ या संग्रहातला आहे. न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्चच्या कँटरबरी विद्यापीठात टिम बेल संगणकशास्त्र शिकवायचे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या लहान मुलाच्या वर्गात जाऊन स्वतःच्या कामाबद्दल बोलायची वेळ त्यांच्यावर आली. इतक्या छोट्या मुलांना संगणकशास्त्र सांगायचं कसं? त्यांनी यंत्र बाजूला ठेवलं आणि खेळ नेले. पुढे मायकेल फेलोज आणि इयान विटन या दोघा संगणकशास्त्रज्ञांबरोबर त्यांनी असे खेळ जमवून त्यांचं पुस्तक केलं आणि ते कुणालाही फुकट मिळेल असं खुलं ठेवलं. जगभरातल्या शिक्षकांनी ते आपापल्या भाषांत नेलं.

आपल्याकडे हेच काम सीएसपाठशाला करते. एसीएम इंडिया या संगणकशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये ते हाती घेतलं. त्यात प्राध्यापक आहेत, सॉफ्टवेअर कंपन्यांतली माणसं आहेत, शाळेतले शिक्षक आहेत. बरेचजण आपली नोकरी सांभाळून हे करतात. पहिलीपासूनचे पाठ त्यांनी तयार केले आहेत. त्यातले बहुतेक संगणकाशिवाय करायचे, मराठीतही आहेत, आणि कुणीही उतरवून घेऊन छापू शकतं. बिब्रास ही स्पर्धाही सीएसपाठशाला भारतात भरवते. २००४ मध्ये व्हॅलेंटिना डागिएने यांनी लिथुआनियात ती सुरू केली. बिब्रास म्हणजे बीव्हर, ओढ्यावर लाकडं रचून धरण बांधणारा कष्टाळू प्राणी. या स्पर्धेत प्रोग्राम लिहायचा नसतो, छोटी छोटी कोडी सोडवायची असतात.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंगशी संबंधित उपक्रम घ्यावेत असं म्हटलं आहे. मग शाळेत संगणक किती, वीज किती वेळ, असे प्रश्न लगेच उभे राहतात. ते खरेच आहेत. पण त्या प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत थांबायचं कारण नाही.

यमाताराजभानसलगा

० आणि १ मधून सगळ्या संख्या कशा लिहितात, हे सांगायला पाच कार्डं पुरतात. एकेका कार्डावर अनुक्रमे १६, ८, ४, २ आणि १ टिकल्या काढा. पाच मुलं ती कार्डं धरून ओळीत उभी राहतील, प्रत्येक जण आपलं कार्ड दाखवेल किंवा पाठमोरं करेल. “तेरा!” म्हटलं की ८, ४ आणि १ वाल्यांनी कार्ड दाखवायचं. दाखवलं तर १, पाठमोरं तर ०: तेरा म्हणजे ०११०१. शून्यापासून एकतीसपर्यंतची प्रत्येक संख्या या पाचजणांत बसते आणि प्रत्येक संख्येची मांडणी एकच. सहावा आला तर त्याच्या कार्डावर किती टिकल्या हव्यात, हे मुलांनाच शोधू द्या. दुप्पट होत जातात हे त्यांच्या लवकर लक्षात येतं.

पण मराठी घरात याची ओळख आधीच झालेली असते, फक्त वेगळ्या नावाने. शाळेत वृत्तं शिकताना आपण लघू आणि गुरू मोजतो. तीन अक्षरांचा एक गण, आणि प्रत्येक अक्षर दोनपैकी एका प्रकारचं. म्हणजे दोन गुणिले दोन गुणिले दोन, आठ गण. लघूला ० आणि गुरूला १ म्हणा: नगण ०००, मगण १११, यगण ०११. तीन चिन्हांत नेमक्या आठच गोष्टी सांगता येतात, हे संगणकशास्त्रातलं पहिलं गणित आपण यगण-मगण म्हणत पाठ केलेलं असतं. लघू-गुरूंच्या सगळ्या मांडण्या क्रमाने कशा लिहायच्या, याचा विचार पिंगलाच्या छंदःशास्त्रात केव्हाचाच झालेला आहे.

आणि ‘यमाताराजभानसलगा’? या सूत्रावर माझा विशेष जीव आहे. पहिली तीन अक्षरं घ्या, यमाता: लघू, गुरू, गुरू. तो यगण. एक अक्षर सरका, मातारा: तीनही गुरू, मगण. आणखी सरका, ताराज: तगण. असं एकेक अक्षर सरकत सलगापर्यंत या, आठही गण एकेकदाच भेटतात. आठ गण सुटे लिहायचे तर चोवीस अक्षरं लागली असती, इथे दहांत काम झालं. एकाच अक्षराला तीन ठिकाणी कामाला लावायचं आणि जागा वाचवायची, ही युक्ती संगणकशास्त्रात आजही अभ्यासली जाते. मराठीचा तास आणि संगणकाचा तास एकाच फळ्यावर घेता येतो, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

परिपाठाची रांग

शाळेत परिपाठाला उंचीप्रमाणे रांग लावतात. सर एकेकाला धरून पुढे-मागे करतात. सर नसताना मुलांना आपली आपण रांग लावता येईल का, आणि तीही कुणी सगळ्यांकडे एकदम न बघता?

अंगणात खडूने रेघा आखा. चार मुलं एका रेषेवर उभी. पहिल्या फेरीत पहिल्या दोघांनी एकमेकांशी उंची पाहायची, बुटका डावीकडे, उंच उजवीकडे. त्याच वेळी तिसरा-चौथा हेच करतील. दुसऱ्या फेरीत दोन्ही जोड्यांतले बुटके एकमेकांना भेटतील आणि दोन्ही उंच एकमेकांना. दोन बुटक्यांतला बुटका म्हणजे सगळ्यांत बुटका, तो डाव्या टोकाला जाऊन थांबेल. दोन उंचांतला उंच उजव्या टोकाला. मधे दोघे उरले. तिसऱ्या फेरीत त्यांनी एकमेकांशी पाहिलं की रांग तयार.

एकूण पाच तुलना, पण फेऱ्या तीनच, कारण दोन जोड्या एकाच वेळी काम करतात. कुणीही एका वेळी शेजारच्या एकाशिवाय दुसऱ्याकडे पाहिलेलं नाही, तरी अख्खी रांग लागली. मुलांना यातून दोन गोष्टी पायांनी कळतात. मोठं काम छोट्या, मठ्ठ वाटाव्या अशा पायऱ्यांत मोडता येतं. आणि काही पायऱ्या एकमेकींसाठी थांबतात, काही थांबत नाहीत. अशा ठरलेल्या पायऱ्यांच्या क्रमाला अल्गोरिदम म्हणतात. शब्द अवजड आहे, पण चार मुलं खडूच्या रेघांवरून चालली की त्याचं वजन उतरतं.

कासवाचा त्रिकोण

संगणकाशिवायचे खेळ पुरेसे आहेत असं मात्र मी म्हणणार नाही. आपण सांगितलेलं ऐकून माणूस मनाने दुरुस्ती करतो. “साखर घाल” म्हटलं की किती, हे तो समजून घेतो. संगणक समजून घेत नाही, जे लिहिलं तेच करतो. ते स्वतः अनुभवायला एक दिवस पडद्यासमोर बसावंच लागतं, आणि त्यासाठी कासवासारखा सोबती नाही.

१९६७ मध्ये अमेरिकेत सीमोर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि वॉली फॉयरझाइग यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही भाषा तयार केली. पॅपर्ट त्याआधी जिनिव्हात बालमानसशास्त्रज्ञ पियाजे यांच्याबरोबर होते. लोगोतलं कासव आज्ञा ऐकतं: इतकं पुढे जा, इतके अंश वळ. चालताना मागे रेघ सोडतं. आज हेच कासव केटर्टल या फुकट सॉफ्टवेअरमध्ये आहे. पायथन या भाषेतही ते आहे, तिथे त्याला आजचं रूप दिलं ते व्हिएन्नाच्या ग्रेगोर लिंगल या शिक्षकाने.

शेजारचा सहावीतला मुलगा माझ्याकडे कासव चालवत होता. त्याला समभुज त्रिकोण काढायचा होता. शाळेत शिकलेलं पक्कं डोक्यात: समभुज त्रिकोणाचा प्रत्येक कोन ६० अंशांचा. त्याने आज्ञा दिली: १०० पावलं पुढे, उजवीकडे ६० वळ, हे तीनदा कर. पडद्यावर त्रिकोण आलाच नाही, उघड्या तोंडाच्या परातीसारखं काहीतरी आलं. “काकू, कासव बिघडलंय.” मी म्हटलं, “सहादा करून बघ.” सुबक षटकोन आला. तो आणखीच गोंधळला.

मग मी त्याला उठवलं आणि गच्चीवर नेलं. “आता तू कासव. मी काढलेल्या या त्रिकोणावरून चाल.” पहिल्या कोपऱ्याशी तो थांबला आणि दुसऱ्या बाजूच्या दिशेने वळू लागला, वळतच राहिला. जवळजवळ मागे तोंड होईपर्यंत वळावं लागलं. तिथेच तो ओरडला, “हे साठ नाहीत, खूप जास्त आहेत!” त्रिकोणाच्या आतला कोन ६०, पण चालणाऱ्याला वळायचं असतं ते बाहेरच्या कोनातून: १८० वजा ६०, म्हणजे १२०. एक फेरी पूर्ण करून सुरुवातीच्या दिशेला तोंड आलं की एकूण ३६० अंश वळून होतात. तीन कोपरे असतील तर प्रत्येकी १२०, चार असतील तर ९०, पाच असतील तर ७२. संध्याकाळपर्यंत त्याने एक-एक पाऊल आणि एक-एक अंश करत ३६० वेळा चालवून वर्तुळ काढलं, आणि १४४ अंश पाचदा वळून चांदणी. चांदणीत कासव दोन पूर्ण फेऱ्या वळतं, हे त्याने मला सांगितलं, मी त्याला नाही.

पॅपर्ट यांचं म्हणणं हेच होतं. मूल आपलं शरीर वापरून विचार करू शकेल अशी वस्तू त्याच्या हातात द्या, भूमिती आपोआप अंगात भिनेल. त्यांच्याच परंपरेतले मिचेल रेझ्निक आणि त्यांचे सहकारी यांनी एमआयटीत २००७ मध्ये ‘स्क्रॅच’ खुलं केलं. त्यात आज्ञा लिहायच्या नसतात, रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे असतात. जिथे खाच जुळत नाही तिथे ठोकळा बसतच नाही, त्यामुळे स्वल्पविराम विसरला म्हणून रडायची वेळ येत नाही. सगळं लक्ष कल्पनेवर राहतं. आठ वर्षांपुढच्या मुलांसाठी मी आधी हेच सुचवते. ते फुकट आहे आणि एकदा उतरवून घेतलं की इंटरनेटशिवायही चालतं.

गावरान बियाण्यासारखं

हे सगळं फुकट का मिळतं, असा संशय लोकांना येतो. संशय साहजिक आहे. २०२० च्या टाळेबंदीत माझ्या बहिणीला एका कोडिंग क्लासमधून रोज फोन यायचे: मुलगी सहा वर्षांची झाली, आता उशीर कराल तर मागे पडेल, हप्ते पाडून देतो. ती इतकी धास्तावली की जवळजवळ भरणारच होती. सहा वर्षांचं मूल प्रोग्रामिंगमध्ये मागे पडत नाही. त्याच्या आईच्या मनात अशी भीती घालणं मला गैर वाटतं.

खुल्या साहित्याचा व्यवहार वेगळा आहे. संकरित बियाणं दर हंगामाला विकत आणावं लागतं. गावरान बी मात्र कणगीत राखून ठेवता येतं, शेजारणीला देता येतं, आणि आपल्या मातीत जे चांगलं आलं ते पुढच्या वर्षी पेरता येतं. खुला परवाना म्हणजे हीच मुभा, कागदावर लिहून दिलेली: वापरा, बदला, वाटा, मूळ करणाऱ्याचं नाव तेवढं ठेवा. बेल यांचा पत्त्यांचा खेळ तुम्ही बाटल्यांच्या बुचांत बदला. कुणाची परवानगी लागत नाही.

राबणारे हातही असेच जमतात. २०११ मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात जेम्स व्हेल्टन या शाळकरी वयाच्या मुलाने बिल लियाओ यांच्याबरोबर ‘कोडरडोजो’ सुरू केलं: सुट्टीच्या दिवशी मुलं जमायची, जाणती माणसं मदतीला बसायची, पैसे कुणीच घ्यायचे नाहीत. पुढच्या वर्षी ब्रिटनमध्ये शाळा सुटल्यावरचे ‘कोड क्लब’ सुरू झाले. त्यांचे पाठ स्वयंसेवकांनी अनेक भाषांत नेले. आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पातून खुली सॉफ्टवेअर शिकवणारे छोटे ध्वनिचित्रपाठ मराठीसह भारतीय भाषांत तयार झाले आहेत.

अशा साहित्यात उणिवा असतात. एखादा पाठ जुना झालेला असतो, एखादं भाषांतर अवघडलेलं. पुस्तकी मराठीत ‘संगणकीय आज्ञावली’ वाचून मूल पुढचं पान उलटत नाही. हे सुधारायला अभियंता असायची गरज नाही, मुलांशी बोलता येणारा माणूस हवा. चार ओळी सोप्या करून परत पाठवल्या तरी ते पुढच्या हजार मुलांपर्यंत जातं.

──────────
चौकट: आज रात्री जेवणानंतर

• पंचवीस पत्ते पाच गुणिले पाच मांडायला मुलाला सांगा, हवे तसे उघडे-पालथे.
• प्रत्येक आडव्या ओळीत उघडे सम होतील असा एकेक पत्ता उजवीकडे लावा.
• मग सहाही उभ्या ओळींत उघडे सम होतील असे तळाला सहा पत्ते लावा.
• पाठ फिरवा. मूल एक पत्ता उलटवेल.
• विषम आडवी ओळ आणि विषम उभी ओळ शोधा. छेद मिळाला की पत्ता मिळाला.
• रहस्य लगेच सांगू नका. निदान तीनदा हरू द्या.
──────────

शनिवारचा एक तास काढा. जवळच्या जिल्हा परिषद शाळेत, सोसायटीच्या हॉलमध्ये, वाचनालयाच्या ओट्यावर, कुठेही. मुलं पाच असोत की पंधरा. संगणक येत नसेल तर मुलांच्या बरोबरीने शिका, त्यांना ते फार आवडतं.

साहित्याची चिंता नको. एका जोडात ५२ पत्ते असतात. मोठ्यांच्या खेळाला ३६ लागतात. उरलेले १६ चार गुणिले चारच्या चौकोनात नेमके बसतात: तीन गुणिले तीनचा डाव, आणि भोवती सात पहारेकरी. शेजारी बसलेल्या धाकट्या भावंडाला तेवढे द्या.